आधी नडगी, मग मुंबई

वाचकाचं पत्र :

मी त्रेचाळीस वर्षांची, मिरजेत प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. चालायला म्हणून बाहेर पडू लागले आणि पळायचीच गोडी लागली. दहा किलोमीटर एक तास सहा मिनिटांत होतात. गेल्या महिन्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन (एकवीस किलोमीटर) केली, दोन तास एक्केचाळीस मिनिटं लागली. थंडगार धुकं होतं, तरी प्रत्येक टेबलावर थांबून पाणी प्यायले आणि सोळाव्या किलोमीटरला उलटी झाली. आता ग्रुपमधल्या सगळ्यांनी मुंबईच्या फुल मॅरेथॉनला (बेचाळीस किलोमीटर) नाव नोंदवलंय, मीही नोंदवलं. आठवड्याला पंचवीस किलोमीटर पळायचे, ते एकदम पंचेचाळीसवर नेलंय. ग्रुपचे सर म्हणतात, रोज किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे ६:४० च्या पेसनं पळालात तरच मुंबईत वेळेत पोचाल. मी कायम मागे. सगळे वळणावर थांबून माझी वाट बघतात, लाज वाटते. दोन आठवड्यांपासून डाव्या नडगीत आतल्या बाजूनं दुखतंय. मी शाकाहारी आहे, मार्गशीर्षातले गुरुवार करते. चुलत सासूबाई म्हणतात, बायकांनी एवढं पळलं की पिशवी खाली येते. खरं सांगायचं तर पळताना कधी कधी थोडी लघवी सुटते, हे मी कुणाजवळ बोललेली नाही. मुंबईच्या तारखेला पाळीही येईल असं दिसतंय. नणंद डोंबिवलीला असते, तिच्याकडे उतरेन. फुल करू की नको?
– एक वाचक, मिरज

ताई,

करू की नको याचं उत्तर आज तुमच्या डाव्या नडगीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. खुर्चीवर बसा, डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवा. घोट्याच्या आतल्या हाडापासून निघून नडगीच्या आतल्या कडेनं अंगठ्यानं दाबत दाबत वर या, बोटभर अंतर सोडत. दुखणं चांगलं चार बोटं किंवा त्याहून जास्त लांबीवर पसरलेलं असेल, सकाळी पहिल्या दहा मिनिटांत जाणवून नंतर कमी होत असेल, तर हाडाच्या कडेला स्नायू जिथे चिकटतात तिथला तो दाह आहे. पळणं कमी केलं की तो उतरतो. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी अंगठा ठेवल्यावर पाय मागे ओढला जात असेल, पळताना दुखणं वाढत जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, डाव्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येत असेल, तर पळणं आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा गेल्याची ती लक्षणं आहेत. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये असा तडा बहुतेक वेळा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे साफ आला म्हणून पळायला लागू नका, एमआरआय करायचा का ते डॉक्टरांना विचारा.

तडा असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे : या वर्षी फुल नको. सहा ते आठ आठवडे पळणं बंद राहील आणि उरलेल्या दिवसांत बेचाळीस किलोमीटरची तयारी होत नाही. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होतेय, पुढच्या जानेवारीतही होईल. नाव नोंदवलंय, पैसे भरलेत, ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे, यातलं एकही कारण तडा गेलेल्या हाडावर पळण्यासाठी पुरेसं नाही. साधा दाह असेल तर मात्र करा, मी तुमच्या बाजूनं आहे. पुढचं सगळं त्या हिशेबानं लिहितेय.

नडगी का दुखली ते पत्रात तुम्हीच लिहिलंय. साताऱ्यात पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उरलेला अर्धा तोच घाट उतरायचा. दम चढावर लागतो, पण स्नायूंची खरी मोडतोड उतारावर होते, कारण प्रत्येक पावलाला मांडी आणि पोटरी ताणली जात असतानाच ब्रेक लावत असते. अशा शर्यतीनंतर दोन आठवडे हलकं पळायला हवं होतं. तुम्ही त्याच दिवसांत पंचविसाचे पंचेचाळीस केलेत. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात, हाडाला आणि स्नायुबंधाला मात्र महिने लागतात. त्यामुळे छाती म्हणते ‘अजून पळ’ आणि नडगीची अजून तयारीच झालेली नसते. हौशी धावपटूंच्या कितीतरी दुखण्यांचं मूळ या तफावतीत असतं.

आता त्या ६:४० कडे वळू. तुमचे दहा किलोमीटर ६६ मिनिटांत होतात, म्हणजे जीव तोडून पळालात तर किलोमीटरला ६:३६. आणि सर रोज सकाळी ६:४० नं पळवतात. म्हणजे तुम्ही रोज शर्यतच पळताय, तेही नडगी दुखत असताना आणि पुढे दिवसभर वर्गात उभं राहायचं असताना. ग्रुपमध्ये पन्नास मिनिटांत दहा करणारा कुणी असेल तर त्याच्यासाठी ६:४० हे निवांत पळणं आहे. एकच पेस एकाची विश्रांती असतो आणि दुसऱ्याची परीक्षा. तुम्ही मागे पडत नाही आहात, तुम्ही दुसऱ्याच्या पेसनं पळताय.

तुमचा रोजचा पेस ७:४५ ते ८:१५ असायला हवा. घड्याळ नसेल तरी कळतं : पळता पळता एकोणीसचा पाढा मोठ्यानं, न अडखळता म्हणता आला पाहिजे. एकोणीस चोक शहात्तरलाच धाप लागली तर वेग कमी करा. सुरुवातीचे दोन आठवडे हे फार हळू वाटेल, चिडचिड होईल, तरी सोडू नका. या हळू पळण्यानंच स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबीवर चालायला शिकतं. फुलमध्ये नेमकं तेच लागतं. शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा साधारण दोन हजार कॅलरींचा असतो. पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी जाते. तुमचं वजन साठच्या आसपास धरलं तर बेचाळीस किलोमीटरला अडीच हजार लागणार. जितक्या वेगानं पळाल तितका साखरेचा वाटा जास्त आणि चरबीचा कमी. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला माणसं अचानक रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहतात, त्यामागे बहुतेक वेळा हा हिशेब असतो.

वेळेत पोचण्याची काळजी सोडा. तुमच्या दहाच्या वेळेवरून सपाट रस्त्यावर हाफ दोन तास पंचवीसच्या आसपास व्हावी. पहिली फुल साडेपाच तासांची धरून चाला. किलोमीटरला ७:५० च्या आतबाहेर पेस येतो आणि तो मुंबईच्या मर्यादेत आरामात बसतो.

ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही. पहाटे पाचला अंधारात एकट्या बाईनं पळणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यात तुमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्ता अडवून चाललेल्या असतात. चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घाला, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा आणि सोबत राहू द्या. फक्त सरांना एक गोष्ट सुचवा : रविवारी किलोमीटर ठरवू नका, वेळ ठरवा. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून निघायचं, सव्वा तास झाला की जो जिथे असेल त्यानं तिथूनच मागे वळायचं. वेगवान माणूस जास्त लांब जातो, तुम्ही कमी, पण परत येताना सगळे एकाच वेळी पोचता. वळणावर कुणाला थांबावं लागत नाही आणि जाताना मागे पडलेल्या तुम्ही येताना पुढे असता. सरांनी ऐकलं नाही तर ग्रुपमधली तुमच्याच चालीची एखादी बाई शोधा, अशी कुणीतरी असतेच आणि तीही तुमच्यासारखीच गप्प असते. जोरात पळायची हौस असेल तर नडगी शांत झाल्यावर बुधवारचा एक दिवस सरांबरोबर पळा. तेवढं पुरे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत आता साधारण पंधरा आठवडे आहेत. पहिले दोन आठवडे फक्त तीन दिवस, पाच-सहा किलोमीटर, आणि रविवारी दहाच्या वर नाही. नडगीनं कुरकुर केली तर त्यातलाही एक दिवस सायकल. मग रविवारचा लाँग रन चौदा, सोळा, अठरा असा दोन-दोननं वाढवायचा आणि चौथ्या रविवारी पुन्हा चौदावर यायचं. परत वीस, बावीस, चोवीस आणि खाली सोळा. त्यानंतर सव्वीस आणि अठ्ठावीस, की झालं. अठ्ठावीस हा तुमचा सगळ्यात लांब रन, शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी. त्याला पावणेचार तास लागतील. ग्रुपमध्ये बत्तीस-पस्तीस करणारे असतील, करू देत. आपल्या चालीनं पस्तीस म्हणजे साडेचार तासांहून जास्त, आणि त्यातून सावरायलाच जानेवारी उजाडेल. पुढचे दोन रविवार वीस आणि बारा, मग मुंबई. कमी करायचा हा काळ मनाला फार जड जातो. पाय जड वाटतात, नको तिथे दुखल्यासारखं होतं, ‘आपलं सगळं गेलं’ असं वाटतं. काही गेलेलं नसतं, वाढवू नका. आणि तो अठ्ठावीसचा रन झालाच नाही, आजारपणानं म्हणा किंवा नडगीनं, तर सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहू नका.

आठवड्यातले बाकीचे तीन दिवस सहा ते दहा किलोमीटर, पाढा म्हणता येईल अशा चालीनं. दोन दिवस वीस मिनिटं व्यायाम : जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायानं. खुर्चीतून हातांचा आधार न घेता एका पायावर उठणं. कुशीवरचं प्लँक, म्हणजे एका कोपरावर आणि पावलांवर अंग सरळ तोलून धरणं. पोटरी मजबूत झाली की नडगीवरचा भार हलका होतो, म्हणून पायरीचा व्यायाम चुकवायचा नाही.

सांगली-मिरजेचा रस्ता तळहातासारखा सपाट आहे आणि मुंबईच्या शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. मार्ग दर वर्षी थोडाफार बदलतो, नकाशा आला की नीट बघा. पण बहुतेक वर्षी फुलवाल्यांना तो चढ पस्तीस किलोमीटरच्या आसपास, ऊन वर आल्यावर, दुसऱ्यांदा चढायला लागलाय. त्यासाठी सातव्या आठवड्यापासून पंधरा दिवसांतून एकदा दंडोबाच्या डोंगराचा रस्ता धरा. चढ बारीक पावलांनी पळत जायचा, उतार मात्र चालत यायचा, नडगीसाठी. मुंबईत पेडर रोड आला की सरळ चालत चढा. तिथे पळून वाचणाऱ्या दोन मिनिटांची किंमत मरीन ड्राइव्हवर दहा मिनिटांनी मोजावी लागते.

आता ते, जे तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. पळताना लघवी सुटणं हे बाळंतपण झालेल्या पळणाऱ्या बायकांमध्ये फार सर्रास आहे. काळी टाइट्स, रनआधी तीनदा जाऊन येणं, पाणी कमी पिणं अशा युक्त्यांनी बायका वर्षानुवर्षं लपवतात. पाणी कमी पिऊन फायदा होत नाही, उलट लघवी दाट होऊन जळजळ वाढते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तीच मूत्राशय आणि गर्भाशय पेलून धरते. बाळंतपणात ती सैलावते आणि इतर कुठल्याही स्नायूसारखी व्यायामानं परत घट्ट होते. लघवी आणि वायू दोन्ही एकाच वेळी रोखून धरतोय असं आतून वर खेचायचं, पाच-सहा सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. खेचताना श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि ढुंगण आवळायचं नाही. शाळेत फळ्यासमोर उभ्या असतानाही होतं, कुणाला कळत नाही. लघवी करत असताना मध्येच थांबवण्याचा व्यायाम मात्र करू नका. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात, म्हणजे आज सुरुवात केली तर जानेवारीपर्यंत दिसेल.

आणि एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या. खाली काहीतरी उतरल्यासारखं, जड वाटत असेल तर नक्कीच जा. तसं वाटत असेल तर पिशवी खरंच थोडी खाली आलेली असू शकते आणि तपासल्यावर किती पळायचं ते डॉक्टर सांगतील. पण धडधाकट बाईची पिशवी पळून खाली येते या समजुतीला आधार नाही. चुलत सासूबाईंवर रागावू नका, हीच भीती जगभरच्या शर्यती भरवणाऱ्यांनी घातलेली होती. बोस्टन मॅरेथॉननं बायकांना अधिकृतपणे पळू दिलं ते १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती थेट १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. त्याच्या आधीही बायका पळत होत्याच, काही जणी तर बोस्टनमध्ये नंबराच्या बिल्ल्याशिवाय. तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिल्या आल्या आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाल्या. सासूबाईंना हे सांगून बघा, त्यांना मोही नक्की माहीत असेल.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सणासुदीला घेतात तशा मनानं घेऊ नका. त्या तुम्हाला चालतील का ते त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. पाळीत पळायला हरकत नाही. या पंधरा आठवड्यांत तीन-चारदा पाळी येणारच आहे. त्यातला निदान एक लाँग रन त्याच दिवसांत करा. पॅड घासतं का, कप चालतो का, कुठे व्हॅसलीन लावायचं, हे मिरजेतच कळलेलं बरं.

रक्तही तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. अशा बाईला ७:४५ चा पेसही छातीवर येतो आणि ती स्वतःला आळशी समजत राहते. मधल्या सुट्टीत डब्याबरोबरच चहा घेत असाल तर तो तासभर लांबवा, चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. चाळिशीनंतर पहिली फुल करताना रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्यावा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

साताऱ्यातली उलटी पाण्यामुळे झाली असणार. थंड धुक्यात घाम कमी आणि तुम्ही प्रत्येक टेबलावर थांबून प्यायलात. पोटात पाणी डुचमळलं, इतकंच. मुंबईच्या उन्हात, पाच तासांहून जास्त वेळ असं साधं पाणी पीत राहिलात तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, माणूस बेशुद्धही पडतो. तहान लागेल तेव्हा प्या, दोन-चार घोट. एका लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो घटलं तर अंदाजे एक लिटर घाम गेला. घटलं नाही, उलट वाढलं, तर तुम्ही जास्त प्यायलात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते ती एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या लिटरमध्ये दाट करू नका.

खाणं मात्र साताऱ्यात राहूनच गेलं असावं, पत्रात त्याचा उल्लेख नाही. पहिल्या पाऊण तासानंतर दर तासाला तीस ते चाळीस ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे, भूक असो वा नसो. तुम्ही बेदाण्याच्या मुलखात राहता. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम बेदाण्यांत वीसेक ग्रॅम साखर असते, धावपटू पळताना खातात त्या साखरेच्या जेलच्या एका पुडीइतकीच जवळपास. पातळ पिशवीत मुठी बांधून घ्या, चार-पाच बेदाणे तोंडात टाकून घोटभर पाण्याबरोबर चावत जा. कुणाला बेदाण्यांनी पोट ढवळतं. मग बिया काढलेला खजूर, किंवा सरळ जेल. चिक्की घशात अडकते, धापेत नको. जे काही ठरेल ते अठराच्या रनपासून प्रत्येक रविवारी तसंच, त्याच वेळांना खायचं, म्हणजे आतड्यालाही सवय होते. मुंबईकर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून प्रेमानं संत्री, केळी, बिस्किटं, काय काय पुढे करतात. हसा, हात करा, पण आधी पळताना खाल्लेलं नसेल ते घेऊ नका.

मार्गशीर्षातले गुरुवार सोडायची गरज नाही. त्या आठवड्यांत तुमचे सगळ्यात लांब रन येतील, म्हणून गुरुवारी विश्रांती ठेवा. दिवसभर कोरडं राहू नका. दूध, केळं, उकडलेलं रताळं चालत असेल तर घ्या, आणि शुक्रवार-शनिवारी नीट दोन्ही वेळा जेवा. रोज एक उसळ, वाटीभर दही, दोन्ही जेवणांत वरण, याला पर्याय नाही.

मुंबईचा रविवार संक्रांतीनंतरच्या आठवड्यात येतो. म्हणजे नेमक्या पाय जपायच्या दिवसांत हळदीकुंकवाला घरोघरी जायचं आणि स्वतःच्या घरी तीन-चार तास उभं राहायचं. तुमचं हळदीकुंकू शर्यतीनंतर ठेवा, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो. गुळाची पोळी बुधवारी-गुरुवारी खुशाल खा. शुक्रवारपासून मात्र तीळ, दाणे, तूप, कच्च्या कोशिंबिरी, पालेभाज्या कमी आणि भात, मऊ पोळी, बटाटा, साबुदाणा जास्त. शेवटचे दोन दिवस पोटभर भात खायचा, पण शनिवारी रात्री तडस लागेपर्यंत नाही. शनिवारचं मोठं जेवण दुपारीच उरकायचं.

गुरुवारी रात्रीची महालक्ष्मी पकडा, म्हणजे शुक्रवारी सकाळी मुंबईत. बीब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, स्वतः जाऊन घ्यावा लागतो, तो शुक्रवारीच घ्या आणि तिथल्या दुकानांत दोन तास हिंडू नका. नवे बूट, नवे मोजे, तिथे मिळालेला नवा टी-शर्ट, यातलं काहीही रविवारी अंगावर नको. बूट बदलायचेच असतील तर डिसेंबरच्या सुरुवातीला बदला. वन्सं कौतुकानं बटाटेवडे नाहीतर पुरणपोळीचा बेत आखतील. आधीच फोन करून सांगा, शनिवारी वरण-भात आणि रविवारी रात्री काय हवं ते. फुल पहाटे पाचच्या सुमारास सुटते, त्यामुळे उठायचं दोनला. दोन पावाचे तुकडे जॅम लावून, एक केळं, नेहमीचा अर्धा कप चहा. पहाटे लोकल कोणत्या आहेत, त्या दिवशी जादा गाड्या सोडल्यात का, आणि दुपारी परतताना मेगाब्लॉक आहे का, हे शनिवारीच बघून ठेवा.

मिरजेची जानेवारीतली पहाट कोरडी आणि गार, मुंबईची दमट. आठ-साडेआठनंतर ऊन लागतं आणि तुम्ही तेव्हा अजून निम्म्या वाटेवर असाल. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत दोन-तीन रन मुद्दाम सकाळी नऊला काढा, तासाभराचे, टोपी घालून. शर्यतीत पहिल्या किलोमीटरपासून नऊ मिनिटं पळा, एक मिनिट चाला. दमल्यावर चालायचं नाही, दमू नये म्हणून चालायचं. सुरुवातीला शेकडो लोक ओलांडून जातील, रोषणाई असेल, ढोल वाजत असतील, पाय आपोआप सुटतील. तिथे पहिल्या दहाचं घड्याळ ७:५० च्या खाली जाऊ देऊ नका, ८ दिसलं तर उत्तम.

वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो, आणि नडगीचं दुखणंही झाकलं जातं. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा जड होणं, उन्हात अचानक थंडी वाजून अंगावर काटा येणं, डोळ्यांपुढे अंधारी, पाय नीट न पडणं, यातलं काहीही झालं तर लगेच थांबायचं आणि जवळच्या वैद्यकीय टेबलावर जायचं. नडगीत टोचल्यासारखी एकाच जागी कळ आली आणि चालतानाही राहिली तर तिथूनच परत.

पोचल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, कोरडा शर्ट घाला, तासाभरात खारं आणि गोड दोन्ही पोटात जाऊ द्या. सोमवारची आणि जमलं तर मंगळवारची रजा मुख्याध्यापकांकडे आत्ताच टाका. परतीचं तिकीट साठ दिवस आधी उघडतं. खालचा बर्थ मागा, त्या रात्री वरच्या बर्थवर चढता येणार नाही.